'सर्व्हर डाउन' : कर्ता हरवलेले वाक्य
संगणक-जाळ्यावर विसंबलेल्या अत्यावश्यक सेवांची चिकित्सा (विशेष संदर्भ : बुलडाणा जिल्हा)

बीजसंज्ञा : संगणक-जाळे, अत्यावश्यक सेवा, पर्यायी व्यवस्था, उत्तरदायित्व, पीक विमा, कर्जमाफी, रास्त भाव धान्य

प्रस्तावना

बुलडाणा जिल्ह्यातील कोणत्याही तालुक्याच्या गावी सेवा केंद्रासमोर, रास्त भाव दुकानासमोर किंवा बँकेच्या शाखेत थोडा वेळ थांबले, तर दोन इंग्रजी शब्द मराठी बोलण्यात इतक्या सहजपणे कानावर येतात की ते आता मराठीनेच आपलेसे केले आहेत असे म्हणावे लागते. हे शब्द म्हणजे 'सर्व्हर डाउन'. निरक्षर वृद्धेलाही त्यांचा अर्थ कळतो. आज काम होणार नाही, परत जावे, उद्या यावे, हा तो अर्थ. उद्या काम होईलच याची खात्री मात्र त्या शब्दांत नसते.

'सर्व्हर डाउन आहे' हे वाक्य व्याकरणदृष्ट्या पूर्ण असले, तरी त्यात जबाबदारी घेणारा कर्ता नाही. पूर्वी 'साहेब दौऱ्यावर आहेत' किंवा 'तलाठी आप्पा आज सजावर आले नाहीत' असे सांगितले जाई. तेव्हाही माणूस रिकाम्या हातानेच परतत असे. परंतु त्या वाक्यात एक नाव होते, एक पद होते आणि त्या पदाच्या वर तहसीलदार नावाचा दुसरा माणूस होता. त्याच्याकडे दाद मागता येत असे. नव्या वाक्यात दाद मागावी असा कोणीही उरलेला नाही. केंद्रचालक हतबल, कारकून हतबल आणि तहसीलदारही तितकाच हतबल, अशी ही स्थिती आहे.

प्रस्तुत लेखात या स्थितीची चिकित्सा करावयाची आहे. संगणक असावेत की नसावेत, हा येथे प्रश्न नाही. तो वाद केव्हाच संपला आहे. ज्या सेवांवाचून माणसाचे पोट, पीक किंवा पत अडते, त्या सेवा केवळ संगणक-जाळ्यावर सोपवून जुनी पर्यायी वाट बंद करणे कितपत विवेकाचे आहे, एवढाच मर्यादित प्रश्न येथे विचारात घेतला आहे.

'अत्यावश्यक' कोणासाठी?

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० यामध्ये २००८ च्या दुरुस्तीने 'महत्त्वपूर्ण माहिती पायाभूत संरचना' ही संकल्पना स्पष्ट करण्यात आली. जी संगणकीय साधने निकामी झाली असता राष्ट्रीय सुरक्षा, अर्थव्यवस्था, सार्वजनिक आरोग्य किंवा सुरक्षितता यांवर दुर्बल करणारा परिणाम होईल, ती साधने महत्त्वपूर्ण, असा कलम ७० चा आशय आहे. त्यांच्या संरक्षणासाठी २०१४ मध्ये राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र केंद्रही स्थापन झाले. वीज, बँका, दळणवळण, दूरसंचार यांसारखी क्षेत्रे या दृष्टीने महत्त्वाची मानली जातात.

ही व्याख्या आवश्यक आहे, परंतु ती राष्ट्राच्या उंचीवरून केलेली आहे. तेवढ्या उंचीवरून संग्रामपूर तालुक्यातील सातपुड्याच्या पायथ्याचे एखादे गाव दिसत नाही. पीक विम्याचा अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी विम्याचे संकेतस्थळ बंद पडले, तर राष्ट्राची सुरक्षितता धोक्यात येत नाही आणि अर्थव्यवस्थाही कोलमडत नाही. ज्याचे दोन एकर सोयाबीन त्या अर्जावर अवलंबून आहे, त्याचे वर्ष मात्र कोलमडते. महिन्याअखेरीस धान्य वाटपाचे यंत्र चालले नाही, तर बातमी आतल्या पानावर दोन ओळींची होते. पण रोजंदारी बुडवून तीन वेळा दुकानापर्यंत चालत आलेल्या बाईच्या चुलीपुरते ते राष्ट्रीय संकटच असते.

सेवा किती मोठी आहे यावरून तिचे अत्यावश्यकपण ठरवणे पुरेसे नाही. ती खंडित झाली असता सोसणाऱ्याकडे दुसरा मार्ग आहे की नाही, यावरूनही ते ठरले पाहिजे. शहरातील ग्राहकाचे एक ॲप बंद पडले तर दुसरे असते, कार्ड असते, खिशात रोकड असते. जिथे पर्याय एकच आहे तिथे लहानशी सेवाही प्राणभूत होते. या कसोटीने पाहिले, तर ग्रामीण जिल्ह्यातील किती तरी 'किरकोळ' समजल्या जाणाऱ्या सेवा अत्यावश्यक ठरतात आणि त्यांतील बहुतेक कायद्याच्या संरक्षक व्याख्येबाहेर राहतात.

घट्ट जोडणीचे स्वरूप

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ चार्ल्स पेरो यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'नॉर्मल ॲक्सिडेंट्स' या ग्रंथात गुंतागुंतीच्या यंत्रणांमधील अपघातांची मीमांसा केली आहे. यंत्रणेचे घटक एकमेकांना फार घट्ट जोडलेले असतील आणि त्यांच्यातील परस्परक्रिया गुंतागुंतीच्या असतील, तर अपघात हा अपवाद राहत नाही, तो त्या यंत्रणेच्या रचनेतच अंतर्भूत असतो, असे त्यांच्या प्रतिपादनाचे सार आहे. त्यांच्यासमोर १९७९ मधील थ्री माइल आयलंड अणुभट्टीचे उदाहरण होते. आजची संगणक-जाळी या विवेचनाला अधिकच लागू पडतात.

जुने दफ्तर सैल जोडणीचे होते. एका तलाठ्याच्या दफ्तराला वाळवी लागली, तर एका सजाचे नुकसान होई. शेजारच्या सजावर त्याचा परिणाम होत नसे. दोष पुष्कळ होते, पण ते विखुरलेले होते. संगणक-जाळ्याने हे चित्र पालटले. दोषांची संख्या कदाचित कमी झाली असेल, परंतु जो दोष येतो तो सर्वत्र एकाच वेळी येतो. बुलडाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा, खामगाव, शेगाव, मलकापूर, मोताळा, नांदुरा, जळगाव जामोद आणि संग्रामपूर या तेराही तालुक्यांचा पाऊस निराळा, जमीन निराळी आणि अडचणीही निराळ्या. पण मध्यवर्ती सर्व्हर थांबला की तेराही तालुके एकाच क्षणी थांबतात.

याची मोठी उदाहरणे महाराष्ट्रानेच पाहिली आहेत. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमध्ये वापरल्या जाणाऱ्या एका हिशेबाच्या संगणक-प्रणालीतून पसरलेल्या घातक प्रणालीने जगभरातील कंपन्यांना ग्रासले. त्यात मर्स्क ही जहाज कंपनी सापडली आणि तिच्या समूहाकडून चालवल्या जाणाऱ्या, उरणजवळील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प झाले. न्हावा-शेवा हे कोणाचे लक्ष्य नव्हते. एका दूरच्या संघर्षाची झळ केवळ जोडणीमुळे येथवर पोहोचली. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्यातील कॉसमॉस सहकारी बँकेतून ९४ कोटी रुपयांहून अधिक रक्कम लांबवण्यात आली आणि त्यासाठी २८ देशांतील एटीएमचा वापर झाला. ११ व १३ ऑगस्ट या दोन दिवसांत हे सारे घडले. १९०६ पासून चालत आलेल्या संस्थेच्या आयुष्यात दोन दिवस म्हणजे काहीच नव्हे.

प्रत्येक वेळी चोर किंवा शत्रू असतोच असेही नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या एका सदोष अद्ययावतीकरणामुळे जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक बंद पडल्याचा अंदाज मायक्रोसॉफ्टने दिला. त्या दिवशी भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवेशपत्र द्यावे लागले. ज्या प्रणालीमुळे हे घडले ती संरक्षणासाठीच बसवलेली होती. कुंपणानेच शेत खाल्ले, असे म्हणावे तर कुंपणाच्या मनात तसे काही नव्हते. त्यानंतर अवघ्या बारा दिवसांनी, ३१ जुलै २०२४ रोजी, सहकारी व ग्रामीण बँकांना संगणक सेवा पुरवणाऱ्या सी-एज या कंपनीवर खंडणीखोर प्रणालीचा हल्ला झाल्याने तिला देशाच्या देयक-जाळ्यापासून तात्पुरते तोडावे लागले. सुमारे तीनशे लहान बँकांच्या ग्राहकांचे व्यवहार त्यामुळे अडल्याचे वृत्त होते. मोठ्या शहरी बँका सुरळीत चालू होत्या. खेड्यापाड्यांत जिच्या दारी शेतकरी जातो अशाच प्रकारची बँक नेमकी थांबली, ही बाब लक्षणीय आहे.

हाताने लिहिलेल्या प्रवेशपत्राचा प्रसंग पुढील विवेचनासाठी महत्त्वाचा आहे. विमाने उडाली, कारण तेथे कागद आणि लेखणी यांचा अधिकार शिल्लक होता. हस्तलिखित पत्र विमानतळाच्या दारावर ग्राह्य धरले गेले. ग्रामीण सेवांच्या बाबतीत हाच अधिकार काढून घेण्यात आला आहे.

कर्जमाफी : दोन योजना, दोन रचना

महाराष्ट्र शासनाने जून २०१७ मध्ये 'छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना' जाहीर केली. ३४,०२२ कोटी रुपयांची ही योजना ८९ लाख शेतकऱ्यांसाठी असल्याचे सांगण्यात आले. दीड लाख रुपयांपर्यंतच्या थकीत कर्जाला माफी मिळणार होती. मात्र त्यासाठी शेतकऱ्याने स्वतः ऑनलाइन अर्ज भरणे बंधनकारक होते. पूर्वीच्या कर्जमाफीत अपात्रांनी लाभ घेतल्याची टीका झाली होती, तेव्हा संगणकीय पडताळणीने असे प्रकार टळतील, हा हेतू निश्चितच योग्य होता.

प्रत्यक्षात केंद्रांपुढे रांगा लागल्या, मुदती वाढवाव्या लागल्या. १८ ऑक्टोबर २०१७ रोजी दिवाळीच्या तोंडावर समारंभपूर्वक प्रमाणपत्रे वाटली गेली आणि त्यानंतर याद्यांमधील विसंगती उघड होऊ लागल्या. शेतकऱ्यांचे अर्ज आणि बँकांनी दिलेली माहिती यांचा मेळ बसेना. अनेक खात्यांसमोर एकच आधार क्रमांक आढळल्याच्या तक्रारी झाल्या. प्रत्यक्ष रक्कम खात्यांत जमा होण्यास विलंब झाला आणि माहिती तंत्रज्ञान विभागाच्या कारभारावर चौफेर टीका झाली.

या विलंबाचा अर्थ बुलडाण्यासारख्या जिल्ह्यात काय होतो, हे समजून घेण्यासाठी येथील पतपुरवठ्याची पार्श्वभूमी लक्षात घ्यावी लागते. नागपूर व वर्धा यांच्याबरोबर बुलडाणा जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकही परवान्याअभावी अडचणीत सापडली होती आणि केंद्र सरकारच्या २०१४ मधील पुनरुज्जीवन योजनेत तिचा समावेश करावा लागला होता. शेतकऱ्याच्या सर्वांत जवळची बँकच जिथे दुर्बल, तिथे थकबाकीचा शिक्का आणखी चार महिने राहणे म्हणजे नवीन पीककर्ज न मिळणे आणि नवीन पीककर्ज न मिळणे म्हणजे सावकाराचा उंबरठा. संगणकाच्या पडद्यावर 'प्रलंबित' हा एक निरुपद्रवी शब्द दिसतो. शेतकऱ्याच्या घरात मात्र त्या शब्दावर व्याज चढत असते.

यानंतर डिसेंबर २०१९ मध्ये 'महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना' जाहीर झाली. संगणक याही योजनेत होता, पण रचना बदललेली होती. शेतकऱ्याने अर्ज भरण्याची गरज ठेवलेली नव्हती. बँकांनी आपल्याकडील खात्यांची माहिती द्यावी, यादी गावात प्रसिद्ध व्हावी आणि शेतकऱ्याने केवळ आधार प्रमाणीकरण करून रक्कम मान्य करावी, असा क्रम होता. पहिली यादी २४ फेब्रुवारी २०२० रोजी प्रसिद्ध झाली. पुढे महिन्याभरातच टाळेबंदी आली आणि अंगठा लावण्याचे काम थांबले. तेव्हा शासनाने, ज्यांची रक्कम जमा झालेली नाही अशा पात्र शेतकऱ्यांची थकबाकी 'शासनाकडून येणे' असल्याचे दाखवून त्यांना खरिपासाठी नवे कर्ज द्यावे, अशा सूचना बँकांना दिल्या.

दोन्ही योजनांची तुलना उद्बोधक आहे. दोन्ही वेळा संगणक-जाळे तेच होते, तंत्रज्ञानही फारसे बदललेले नव्हते. बदलला तो अडचणीचा भार. पहिल्या रचनेत यंत्रणेच्या अपयशाचा भार शेतकऱ्यावर पडला. दुसऱ्या रचनेत तो, निदान कागदोपत्री, शासनाने स्वतःकडे घेतला. 'शासनाकडून येणे' या दोन शब्दांत हरवलेला कर्ता पुन्हा वाक्यात आला, असे म्हणता येईल. त्या सूचनांची अंमलबजावणी प्रत्येक शाखेत सारखी झाली असेल असे नव्हे, पण शासनाचे अपयश शासनाच्या नावे लिहिता येते, एवढे त्यातून सिद्ध झाले.

पाऊस, मुदत आणि मनोरा

प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ च्या खरिपापासून सुरू झाली. महाराष्ट्रात २०२३ च्या खरिपापासून शेतकऱ्याला केवळ एक रुपया भरून सहभागी होता येईल, अशी तरतूद करण्यात आली. ती २०२५ च्या खरिपापासून बंद झाली. एक रुपयाच्या या पहिल्याच हंगामात अर्जांचा ओघ वाढला, संकेतस्थळ मंदावल्याच्या तक्रारी आल्या आणि ३१ जुलै ही अंतिम मुदत ३ ऑगस्ट २०२३ पर्यंत वाढवावी लागली.

याच जुलैत बुलडाणा जिल्ह्यात काय घडले, तेही पाहणे आवश्यक आहे. २२ जुलै २०२३ रोजी जळगाव जामोद व संग्रामपूर या तालुक्यांत ढगफुटीसारखा पाऊस झाला. नद्या-नाल्यांना पूर येऊन शेती पाण्याखाली गेली, गावांचा संपर्क तुटला. त्या वेळच्या नियमाप्रमाणे स्थानिक आपत्तीने पिकाचे नुकसान झाले असता ७२ तासांच्या आत विमा कंपनीला कळवणे आवश्यक होते. त्यासाठी मोबाइल ॲप आणि निःशुल्क दूरध्वनी हे मुख्य मार्ग होते.

येथे रचनेतील विसंगती स्पष्ट होते. ज्या आपत्तीची सूचना द्यावयाची, तीच आपत्ती सूचनेचे साधन हिरावून घेते. पुरात रस्ता जातो, वीज जाते, विजेअभावी मोबाइलचा मनोरा मुका होतो आणि शेतकऱ्याच्या हातातील दूरध्वनीची बॅटरीही उतरते. ७२ तासांचे घड्याळ मात्र चालूच राहते. आग लागल्याची वर्दी देण्यासाठी जळत्या घरातीलच दूरध्वनी वापरला पाहिजे, असा नियम कोणी केला तर तो हास्यास्पद ठरेल. पीक विम्याची सूचना-पद्धती या नियमापासून फार दूर नव्हती.

येथे कोणा एका अधिकाऱ्याचा किंवा कंपनीचा दुष्ट हेतू नव्हता. जेथे जाळे अखंड असते अशा ठिकाणी बसून ही रचना आखली गेली. सातपुड्याच्या कुशीतील गावांत चांगल्या दिवशीही संपर्कासाठी उंचवटा शोधावा लागतो, हा अनुभव ती आखणाऱ्यांच्या टेबलापर्यंत पोहोचला नाही. भारतनेटसारख्या प्रकल्पांतून ग्रामपंचायतीपर्यंत तंतुवाहिनी नेण्याचे काम २०११ पासून हाती घेण्यात आले, पण ग्रामपंचायतीच्या भिंतीपर्यंत आलेली तार आणि शिवारातील शेतकऱ्याच्या हाती असलेला संपर्क, यांत अंतर आहे.

पीक पाहणीच्या बाबतीतही हेच दिसते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर 'ई-पीक पाहणी' सुरू झाली आणि गाव नमुना बारामधील पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून ॲपद्वारे करावी, असे ठरले. तत्त्वतः ही सुधारणा स्वागतार्ह आहे, कारण आपल्या पिकाची नोंद शेतकऱ्याच्या हाती आली. परंतु २०२३ च्या खरिपातील कापूस व सोयाबीन उत्पादकांना अर्थसाहाय्य देण्याची वेळ आली, तेव्हा ई-पीक पाहणीत नोंद नसलेले अनेक शेतकरी बाहेर राहू लागले. अखेर ऑगस्ट २०२४ मध्ये ती अट शिथिल करून तलाठ्याकडील सातबारावरील नोंद ग्राह्य धरण्याचे जाहीर करावे लागले. कापूस आणि सोयाबीन हीच मुख्य पिके असणाऱ्या बुलडाण्यासाठी हा निर्णय दिलासादायक होता. कालबाह्य म्हणून बाजूला सारलेल्या नोंदीनेच शेवटी अद्ययावत प्रणालीची बाजू सावरली.

अंगठा आणि धान्य

देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात देण्यात आले. महाराष्ट्राच्या दृष्टीने ही ऐतिहासिक घटना होती. पुढे हाच क्रमांक धान्याच्या हक्काशी जोडला गेला. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ ने धान्याला हक्काचा दर्जा दिला. पण त्या हक्काच्या वाटेवर ई-पॉस यंत्र उभे राहिले आणि अंगठा जुळणे, जाळे उपलब्ध असणे व सर्व्हर चालू असणे या तीन अटी न लिहिताच कायद्याला जोडल्या गेल्या. कापूस वेचणाऱ्या आणि निंदण-खुरपण करणाऱ्या हातांच्या रेषा झिजलेल्या असतात, ही गोष्ट यंत्राच्या आखणीत विचारात घेतली गेली नव्हती.

सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात बहुमताने आधार योजना वैध ठरवली, तरी प्रमाणीकरण अयशस्वी झाले म्हणून खऱ्या लाभार्थ्याला वंचित ठेवले जाऊ नये, ही भूमिका त्या निकालातही आहे. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या भिन्नमत निकालपत्रात तर वंचिततेचा हा मुद्दा अधिक तीव्रतेने मांडला गेला. तरीही २०२४ च्या जुलैअखेर महाराष्ट्रात ई-पॉस यंत्रणेतील बिघाडाने धान्य वाटप खोळंबले आणि शासनाला ऑफलाइन वाटपाची मुभा द्यावी लागली. करोनाच्या काळातही संसर्गाच्या भीतीने लाभार्थ्याऐवजी दुकानदाराचाच अंगठा ग्राह्य धरण्याची सवलत दिली गेली होती.

या दोन्ही प्रसंगांवरून एक निष्कर्ष निघतो. पर्यायी मार्ग अशक्य नाही, तो शासनाला ठाऊक आहे आणि गरज पडली की तो उघडताही येतो. फक्त तो उघडण्याचा अधिकार मुंबईत आहे. राज्यभर ओरड झाल्यावर मुभा मिळते. एका गावात, एका दुकानात, एका दिवशी यंत्र चालले नाही, तर त्या गावाची ओरड मंत्रालयापर्यंत पोहोचत नाही.

उत्तरदायित्वाचा प्रश्न

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ हा या संदर्भातील महत्त्वाचा कायदा होय. विहित मुदतीत सेवा मिळणे हा नागरिकाचा हक्क त्याने मान्य केला आणि पुरेशा कारणाशिवाय सेवा न देणाऱ्या पदनिर्देशित अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत शास्ती ठेवली. प्रश्न 'पुरेसे कारण' या शब्दांचा आहे. सर्व्हर बंद असणे हे त्या अधिकाऱ्यापुरते पुरेसेच कारण ठरते, कारण सर्व्हर त्याच्या ताब्यात नाही आणि शास्ती त्याला लावणे अन्यायाचे होईल. परंतु ज्यांच्या ताब्यात सर्व्हर आहे, ज्यांनी प्रणाली तयार केली आणि जे तिच्या देखभालीचे पैसे घेतात, ते या शास्तीच्या कक्षेत येत नाहीत. नागरिकाचा हक्क शाबूत, अधिकारी निर्दोष, कंत्राटदार अदृश्य आणि काम मात्र झालेले नाही, अशी ही विलक्षण अवस्था आहे.

मोठ्या घटनांतही जबाबदारी अशीच विरघळते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई व परिसराचा वीजपुरवठा खंडित झाला, लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या. मार्च २०२१ मध्ये तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी सायबर विभागाच्या प्राथमिक अहवालाच्या आधारे घातपाताची शक्यता व्यक्त केली. तत्कालीन केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी मात्र ही मानवी चूक असल्याचे सांगितले. देशाच्या आर्थिक राजधानीचा प्रकाश कोणी घालवला, याविषयी राज्य आणि केंद्र यांचे एकमत होत नसेल, तर संग्रामपूरच्या शेतकऱ्याचा अर्ज कोणामुळे राहिला, याचा शोध कोण घेणार?

काही प्रतिवाद

या विवेचनावर घेतला जाणारा मुख्य आक्षेप असा की, जुनी व्यवस्था भ्रष्ट होती. हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी घालावे लागणारे हेलपाटे, फेरफाराच्या नोंदीसाठी मोजावी लागणारी चिरीमिरी, हस्तलिखित दफ्तरातील खाडाखोड आणि खोट्या शिधापत्रिकांवर उचलले जाणारे धान्य, हा इतिहास कोणी विसरलेले नाही. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध होऊ लागला, तेव्हा पुण्या-मुंबईत राहणाऱ्या किंवा तालुक्यापासून दूर असणाऱ्या खातेदाराची मोठी सोय झाली. ज्या बुलडाणा शहरात आजही रेल्वे पोहोचलेली नाही, त्या जिल्ह्यात घरबसल्या उतारा मिळण्याचे मोल अधिकच आहे.

परंतु भ्रष्टाचाराला उत्तर म्हणून आलेली व्यवस्था अपयशाला उत्तर देण्यास बांधील नाही, असे होत नाही. लाच मागणारा तलाठी आणि बंद पडलेला सर्व्हर यांतून एकाची निवड करा, असे नागरिकाला सांगणे म्हणजे त्याच्यासमोर खोटा पेच ठेवणे होय. शिवाय दलाली पूर्णतः संपली असेही नाही. ज्याच्याकडे बरा संगणक, चांगली जोडणी आणि रात्री जागण्याची तयारी आहे, अशा नव्या मध्यस्थाच्या हाती ती काही अंशी गेली आहे. रात्री दोन वाजता सर्व्हर मोकळा असतो, हे ज्ञानही आता विकत मिळते.

दुसरा आक्षेप असा की, जाळे दिवसेंदिवस सुधारत आहे, तेव्हा या अडचणी तात्पुरत्या आहेत. जाळे सुधारत आहे हे मान्यच आहे. तथापि २०२४ मधील जागतिक बिघाड जगातील सर्वोत्तम जाळे असणाऱ्या देशांतच सर्वाधिक जाणवला. जोडणी जितकी सार्वत्रिक, तितका बिघाडही सार्वत्रिक. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेवर खंडणीखोर प्रणालीचा हल्ला झाला, तेव्हा देशातील या अग्रगण्य रुग्णालयाला कित्येक दिवस नोंदणी आणि तपासण्यांचे काम हाताने करावे लागले. ते करता आले, कारण तेथे हाताने काम करण्याची सवय असलेली माणसे अजून होती. ही पिढी निवृत्त झाल्यावर कागद असेल, पण तो भरायचा कसा हे ठाऊक असणारे कोणी नसेल, हा धोका जाळे सुधारल्याने कमी होणारा नाही.

अपेक्षित दिशा

वरील चिकित्सेतून काही अपेक्षा स्वाभाविकपणे पुढे येतात. ज्या सेवेला अंतिम मुदत आहे, त्या सेवेचा कागदी अर्ज मुदतीत स्वीकारून त्याची शिक्क्यासह पोच देण्याचा अधिकार गावपातळीवर असला पाहिजे. संगणकीय नोंद नंतर होत राहील, हक्क मात्र पोच मिळाल्याच्या दिवशी निश्चित व्हावा. सर्व्हर किती वेळ बंद होता, याची जिल्हानिहाय नोंद ठेवून ती दरमहा प्रसिद्ध केली जावी आणि तेवढा काळ मुदतीतून आपोआप वगळला जावा, म्हणजे प्रत्येक वेळी मुदतवाढीसाठी आर्जव करावे लागणार नाही. ऑफलाइन वाटपाचा निर्णय तहसीलदाराच्या अधिकारात यावा. देखभालीच्या करारांत विलंबाचा दंड असावा आणि त्यातून ज्याचे नुकसान झाले त्याला भरपाई मिळावी. वर्षातून एक दिवस कार्यालयांनी संगणकाविना काम करून पाहावे. आग लागण्यापूर्वी अग्निशमनाची तालीम घेतली जाते, ही तालीमही त्याच जातीची आहे.

या अपेक्षांमध्ये नवे तंत्रज्ञान कोठेही लागत नाही. लागते ती एक कबुली. यंत्र थांबणार आहे आणि ते थांबले की जबाबदारी थांबत नाही, ही ती कबुली.

निष्कर्ष

संगणक-जाळ्यांवरील अवलंबनाचा धोका सामान्यतः हल्लेखोर, चोरी आणि शत्रुराष्ट्र यांच्या भाषेत मांडला जातो. तो धोका खराच आहे. परंतु बुलडाण्यासारख्या जिल्ह्याच्या अनुभवातून त्याचे दुसरे, अधिक नित्याचे रूप समोर येते. येथे हल्ल्याची गरजच पडत नाही. एकच वाट ठेवली आणि ती एका दूरच्या यंत्रातून नेली, की साधी मंदगतीही हक्क हिरावण्यास पुरेशी होते. २०१७ ची कर्जमाफी, २०२३ चा पूर व विम्याची मुदत आणि २०२४ मधील धान्याचा खोळंबा या तिन्ही घटनांत बिघाडाहूनही पर्यायाच्या अभावाने अधिक हानी केली. ज्या ज्या वेळी पर्याय उघडला गेला, त्या त्या वेळी तो जुन्या नोंदीचा, कागदाचा किंवा माणसाच्या विवेकाचाच होता.

'सर्व्हर डाउन आहे' हे वाक्य यापुढेही ऐकू येत राहील. ते ऐकू येऊ नये, अशी अपेक्षा करणे वास्तवाला धरून होणार नाही. त्या वाक्यापुढे दुसरे एक वाक्य मात्र अनिवार्य झाले पाहिजे : 'तुमचा अर्ज मी घेतला आहे, ही त्याची पोच आणि ही माझी सही.' या वाक्यात कर्ता आहे आणि लोकशाहीत सेवा देणाऱ्याची ओळख तेवढ्यावरूनच पटते.